गार पाण्याचा नेम

आमच्या घरी न्हायचा दिवस रविवार. एरवी अंगावरून चार तांबे घेतले की आंघोळ झाली, पण रविवारी डोक्यावरून पाणी. सकाळपासून परसात मोठा हंडा चुलीवर चढलेला असे आणि त्याच्याखाली तंबाखूची बुडखं जळत असत. निपाणीच्या आसपासची तंबाखूची रानं मोकळी झाली की ही वाळकी बुडखं सरपणाला मिळत. त्यांचा धूर इतका तिखट, की पलीकडच्या गल्लीलाही आज कुणाच्या घरी न्हाणं आहे ते शिंकेवरून कळे. आई शिकेकाईचं पाणी गाळून ठेवायची, मला पाटावर बसवायची, हंड्यातलं पाणी बादलीत काढायची आणि त्यात विसण घालायची ते नावापुरतं. "कढत असंल तरच मळ निघतोय," हे तिचं ठरलेलं वाक्य. न्हाणं झालं की केस मोकळे सोडून उन्हात बसायचं, आणि मग उडदाचं घुटं, ज्वारीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. रविवारच्या घुट्याला आई लसूण सढळ हातानं घालायची. आता बेळगावात मी एकटीपुरतं घुटं करते, लसूण तेवढाच घालते, पण मूठभर डाळ रवीला नीट लागतच नाही. एका माणसाचं घुटं होत नाही, हे मला या वयात कळलं.

घरात माणसं चार. आप्पा तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. त्यांच्या सदऱ्याला, धोतराला, अगदी त्यांच्या पुस्तकांनाही तंबाखूचा वास असे. आई आणि आक्का घरीच बिड्या वळायच्या. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. मी तिला आत्या म्हणायला हवं होतं, पण आप्पा आक्का म्हणत म्हणून मीही आक्काच म्हणत आले. दुपारी सोप्यात दोघी समोरासमोर बसायच्या, मांडीवर सूप, शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं. आईची कात्री भरभर चाले, आक्काची सावकाश. शाळेतून येताना दाराबाहेरूनच त्या दोन कात्र्या ऐकून मला कळायचं, की घरात सगळं ठीक आहे. आई वळता वळता बोलायची, रेडिओवर काय लागलंय ते गुणगुणायची. आक्का बोलायची नाही. विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाय", आणि पुन्हा खाली मान.

आक्काचं लग्न चिकोडीच्या पुढच्या एका गावात झालं होतं. पाच वर्षांनी ती परत आली, ते माझ्या जन्माच्या आधी. का आली हे घरात कुणी काढत नसे. तिकडं तिची एक मुलगी आहे, शांता नावाची, एवढं आईच्या तोंडून मी एकदा ऐकलं होतं. आक्काची एक गोष्ट मात्र गल्लीभर माहीत होती. ती बारा महिने पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गार पाण्यानं आंघोळ करायची. डिसेंबरात अंगण धुक्यानं भरलेलं असताना न्हाणीतून तिचे दात वाजलेले ऐकू यायचे. बायका म्हणायच्या, आक्कांचा नेम कडक आहे. आप्पा हसायचे. आमच्या घरातून देव्हारा, नवस, उपास सगळं आप्पांच्या वडिलांनीच बाहेर काढलं होतं. भिंतीवर दोन तसबिरी आणि पौर्णिमेला विहारात वंदना, एवढंच. "आपल्यात कसला आलाय नेम, आक्का?" ते म्हणायचे. ती म्हणायची, "सवय हाय रं."

मी अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा पडले. त्या रविवारी आई पाण्यावर पाणी घालत होती. तिसऱ्या-चौथ्या तांब्याला मला काहीतरी व्हायला लागलं, आणि ते काय होतं ते मी आधी सांगते, कारण पुढची दोन वर्षं ते मी कुणालाही सांगितलं नाही. मला गोड वाटायला लागलं. जिभेवरचा गोडवा वेगळा, हा तो नव्हे. मानेच्या मागून एक ऊब वर चढली, डोळ्यांपुढचा धूर पिवळाधमक झाला, चुलीचा तडतडणारा आवाज लांब गेला, आणि असं वाटलं की सगळं ओळखीचं आहे, सगळं मला पाहिजे तसं आहे. "आनि घाल," मी म्हणाले. आईनं घातलं. मग काय झालं ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी सोप्यात होते, तोंडात रक्ताची चव होती आणि आप्पा माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसले होते. आई रडत होती. आक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर दर दोन-तीन रविवारांनी असं व्हायला लागलं. आप्पांचा कारणावर फार विश्वास. "कारणाशिवाय काय घडत न्हाय, पमे. सापडलं न्हाय तर आपुन नीट बघितलं न्हाय म्हणायचं." त्यांनी बघितलं आणि त्यांना धूर दिसला. बुडखांचा धूर डोक्यात जातो म्हणून पोरगी पडते, असं ठरवून त्यांनी चूल परसाच्या पार टोकाला नेली आणि बुडखं बंद करून लाकडं आणली. मी तरीही पडले. मग न्हाणीचं दार काढून टाकलं, म्हणजे पडले तर लगेच धरता यावं. दाराच्या जागी पोतं लावलं आणि आंघोळीला कायम कुणीतरी समोर. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आंघोळ करताना कुणीतरी टक लावून बघतंय, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत भीती आहे, हे कसं असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. आई मात्र आप्पांना नकळत मला एका बाईकडं घेऊन गेली. तिनं अंगारा लावला आणि न्हाणीत काहीतरी आहे असं सांगितलं. घरी येताना आईनं पदरानं माझं कपाळ पुसून स्वच्छ केलं आणि म्हणाली, "आप्पांस्नी सांगू नगंस हं."

शेवटी आप्पांनी मला बेळगावला नेलं. खडेबाजारातल्या एका जुन्या इमारतीत लाकडी जिना चढून गेलं की दवाखाना होता. डॉक्टर म्हातारे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, मनानं चांगले. त्यांनी कधी, किती वेळ, जीभ चावते का, सगळं विचारलं. कुठं पडते, ते आप्पांनी सांगितलं, "न्हाणीत, फरशी निसरडी हाय." डॉक्टर म्हणाले, फेफरं आहे, रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही. येताना आप्पांनी मला कुंदा घेऊन दिला. गाडीत बसल्यावर मी तो सगळा खाल्ला आणि आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या गोळीनं मला झोप यायची. वर्गात मान कलंडायची. मी शाळेत कधीच पडले नव्हते, पण गल्लीतून शाळेत बातमी जायला किती वेळ लागतो? बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी एक दिवस पुढच्या बाकावर गेली. तिच्या आईनं तिला माझा डबा खायचा नाही असं सांगितलं होतं, हे तिनंच मला प्रामाणिकपणे सांगितलं. सहल निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझी जबाबदारी कोण घेणार गं?" मी घरी येऊन सांगितलं की मलाच जायचं नाही. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीच्या मागं बसून डबा खायचे. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी ज्याची वाट बघायचे तो रविवारच होता. मला पडायची भीती वाटायची, आणि तरी मी आईला "अजून कढत" म्हणायचे, कारण पडायच्या आधीचे ते चार क्षण आठवड्यातले सगळ्यात चांगले क्षण होते. हे असं वाटतं म्हणजे आपल्यातच काहीतरी घाण आहे, आपणच हे ओढवून घेतोय, असं मी मनाशी धरलं होतं. म्हणून डॉक्टरांनी "पडायच्या आधी काय होतं?" असं विचारलं तेव्हा मी "काय न्हाय" म्हणाले.

एक दिवस दुपारी शेजारच्या गोदाकाकू पानं मागायला आल्या आणि बसल्या. माझ्याकडं बघून आईला म्हणाल्या, "मामाच्या वळणावर गेली बाई पोरगी." माझे मामा कोगनोळीला राहायचे. लहानपणी त्यांनाही म्हणे एक-दोनदा तापात आकडी आली होती. आईच्या हातातली कात्री थांबली. "आमच्यात कुणाला काय न्हाय," ती म्हणाली. मग हेच बोलणं आप्पांच्या चुलत्यांनी केलं, विहारातल्या बायकांनी केलं. आई माहेरी जायची बंद झाली, कारण तिथं मामांकडं बघितलं की तिला तेच आठवायचं. या सगळ्या वेळी आक्का समोर बसलेली असायची. तिची सावकाश चालणारी कात्री कधी थांबली नाही.

आता मी ज्या डॉक्टरीणबाईंकडं जाते त्या, मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढून आमच्या घराण्याचं झाड मांडलं. बायका गोल, पुरुष चौकोन, ज्यांना त्रास होता ते काळे भरलेले. डोक्यावर कढत पाणी पडलं की येणारे असे झटके आपल्या या भागात बाहेरच्यापेक्षा जास्त दिसतात, असं त्या म्हणाल्या, आणि ते बऱ्याचदा घराण्यात चालत येतात. रक्त तपासलं. जनुकांमध्ये एका जागी बदल दिसला, तो आमच्यातल्या तिघांमध्ये सारखा आहे. "पण यानंच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या घरात दुसरा बदल असेल. आणि बदल असून जन्मभर कधी न पडलेली माणसंही असतात. हा कल आहे, ताई. पुढं पाणी, वय, झोप, किती गोष्टी मिळतात तेव्हा झटका येतो." मी मान हलवली. मला आप्पा आठवले. कारण शोधणाऱ्या माणसाला हे अर्धवट कारणही किती आवडलं असतं.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा एक दिवस आप्पा जेवताना म्हणाले, "बाजारात तिकडचा एक पाव्हना भेटलता. शांताचं लगीन ठरलंय म्हणं. ह्या आईतवारी." त्यांनी ते आईला सांगितल्यासारखं सांगितलं, पण ते कुणासाठी होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. आक्का भाकरी मोडत होती. तिचा हात ताटातच राहिला. मग ती उठली आणि ताट तसंच ठेवून परसात गेली.

दुसऱ्या दिवशी आई बिड्या द्यायला गेली होती. आक्कानं मला हाक मारली, "पमे, हिकडं ये." ती न्हाणीत उभी होती. मी गेले. तिनं पोतं ओढून घेतलं आणि माझे दोन्ही दंड धरले. इतक्या जवळून मी तिचा चेहरा कधी बघितला नव्हता.

"खरं सांग. पडायच्या आदी गोड वाटतंय न्हवं?"

मी तिचे हात सोडवायला बघितलं.

"आनि घाल, आनि घाल, असं वाटतंय. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. जगात आणखी एका माणसाला हे माहीत आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आक्कानं मला पोटाशी धरलं. "मला बी हुतंय," ती म्हणाली. "लगीन व्हायच्या आदीपास्नं. कढत पाण्यानंच हुतंय. गार घेतलंस तर न्हाय हुणार. मी चौदा वर्सं गार घेतोय, एकदा बी पडलो न्हाय."

त्या संध्याकाळी तिनं आईआप्पांसमोर सगळं सांगितलं. सासरी एकदा ती न्हाणीत पडली. सासूनं बघितलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा शांता तिच्या मांडीवर होती. पोरीला काही लागलं नाही, पण सासूनं पोर उचलून घेतली आणि ही बाई वेडी आहे म्हणून आठ दिवसांत हिला गाडीत बसवून दिलं. शांता तीन वर्षांची होती. आजीला सोबत पाहिजे म्हणून तिला ठेवून घेतलं. इकडं आल्यावर आक्कानं स्वतःच ताडून बघून ओळखलं की हे पाण्यानं होतं. पण बोलली असती, तर हे आईकडून लेकीकडं जातं असं लोक म्हणाले असते, ते चिकोडीच्या पुढं पोचलं असतं, आणि शांताला कुणी केली नसती. "आन आता तिला हळदीचं पाणी घालणार," आक्का म्हणाली. "पाच बायका. कढत. सगळ्या मांडवाम्होरं."

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते काही बोलायच्या आत आई उठली.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं माझी पोरगी पडली. माझ्या भावाचं नाव घेतलं लोकांनी. तुमी समोर बसून ऐकलंसा, आक्का. माझ्या लेकीसाठी तोंड उघडलं न्हाईसा. सोताच्या लेकीसाठी उघडलं."

आई आत गेली आणि त्या दिवसापासून ती आक्काशी बोलायची थांबली. दोघी समोरासमोर बसून बिड्या वळत, आणि मधलं सूप सरकवायचं असलं तर आई मला सांगायची, "त्यांस्नी सांग."

आप्पा स्वतः जाणार होते. आक्कानं पाय धरले. "तू गेलास तर बापय माणसं अंगणात बसून बोलणार, आन लगीन मोडणार. बाईचं बाईनंच सांगाय पायजे." पण तिला त्या घरात पाऊल टाकू देणार नाहीत हे तिलाही माहीत होतं. म्हणून ठरलं, की मी जायचं. शांताच्या मामाकडून हिरव्या बांगड्या घेऊन मामेबहीण आली, तर तिला कोण अडवणार?

शनिवारी सकाळी आम्ही चिकोडीची गाडी धरली आणि तिथून दुसरी. आक्का वाटेत मला पाठ करून घेत होती. "केस आदल्या दिशी गार पाण्यानं धू म्हणावं. बायका आल्या की म्हण, डोस्कं धुतलंय, पडसं हाय, शकुनाला चार थेंब शिंपडा, बाकी अंगावर घाला. कढत पाण्याचा तांब्या डोस्क्यावर येऊ द्याचा न्हाय. म्हण बगू." मी म्हणून दाखवायचे. गाव आलं तशी ती पदर ओढून घेऊन पिठाच्या गिरणीच्या आडोशाला उभी राहिली. तिनं लांबून हातानं घर दाखवलं. मांडवाचे बांबू उभे होते.

दारात म्हातारी बसली होती, आक्काची सासू असणार. "यारु?" तिनं विचारलं. कोण, एवढं कानडी मला येत होतं. "निपाणीच्या मामाची पोरगी. बांगड्या आणल्यात." तिनं माझ्यामागच्या वाटेकडं बघितलं. "एकटीच आलीस?" मी हो म्हणाले. तिनं आत शांताला हाक मारली, आणि एक मुलगी येऊन माझा हात धरून मला मागं पाय धुवायला घेऊन गेली. ती शांता होती. मागची खोली अंधारी, धुरानं भरलेली, बाहेर बायकांचा गलका. मला इतकी लाज वाटत होती, की मी तिच्या पायांकडं बघूनच बोलले.

"डोक्यावर कढत पाणी घेतलं की तुला कसं वाटतंय?"

तिच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुणी सांगितलं तुला?"

"मला बी हुतंय. गोड वाटतंय, मग पडाय हुतंय."

ती माझ्यासमोर खाली बसली, तशी मी मान आणखी खाली घातली. "धा वर्साची असताना झालतं," ती हळू बोलली. "परसात एकटीच होते. कुणी बघितलं न्हाय. तवापास्नं गारच घेते. उद्याचं काय करू ते कळंना झालंय. चार दिवस झोप न्हाय मला."

मी पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हटलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "ह्ये तुला कुणी शिकवलं?"

"आक्कानं. तुझ्या आईनं."

"ती येडी हाय म्हणत्यात."

"न्हाय. तिला बी ह्येच हुतंय. दुसरं काय न्हाय तिला."

बाहेरून कुणीतरी शांताच्या नावानं ओरडलं. ती उठली. "कुठं हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं, गिरणीपाशी. ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली, दार अर्धवट उघडून. तिथून गिरणीचं छप्पर तेवढं दिसत होतं. पुन्हा हाक आली. "तिला सांग, कळलं म्हणून," एवढं बोलून ती आत गेली.

पुढचं इथंच सांगून टाकते. हळद नीट पार पडली, लग्न झालं. शांतानं चार मुलं वाढवली आणि आयुष्यभर गार पाणी घेतलं. तिच्या एका नातवाला हा त्रास आहे, म्हणून तर ते झाड कागदावर आलं; तिचं रक्त तिच्या गावातच काढून बेळगावला पाठवलं. त्या दोघी मायलेकी पुढं कधीच भेटल्या नाहीत. शांताला सासरी माहेरचा तो दुवा नको होता, आणि आक्कानं हट्ट केला नाही. मीही गार पाण्याला लागले आणि पडायची थांबले. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या वहीत लिहून घेतलं आणि गोळ्या हळूहळू सोडवल्या. आईनं आक्काला पुरतं माफ केलं असं मला वाटत नाही. आप्पांनी मात्र यातून एक धडा घेतला: आपल्या घरात आता लपवायचं नाही. मला बघायला येणाऱ्या प्रत्येक घराला त्यांनी आधी सगळं सांगितलं. सगळी माणसं चहा पिऊन चांगलं बोलून गेली, आणि परत कुणी आलं नाही. मी शिकले, बेळगावात शाळेत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. आणि आणखी एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. असंच एक घर नकार देऊन गेलं त्या आठवड्यात, माझ्या भाड्याच्या खोलीत, मी दार लावून पाणी कडकडीत तापवलं आणि जाणूनबुजून डोक्यावर घेतलं. मला ते चार क्षण पाहिजे होते. नंतर फरशीवर किती वेळ पडले होते कोण जाणे. डॉक्टरीणबाईंना हे सांगावं असं दर वेळी मनात येतं आणि मी रक्तदाबाचं बोलून परत येते.

तर आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मी आक्काला निरोप सांगितला. "कळलं म्हणाली?" तिनं दोनदा विचारलं. चिकोडी मागं पडल्यावर ती एकदम म्हणाली, "कशी दिसती गं?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी शांताचा चेहरा बघितलाच नव्हता. तिचे पाय, पायातली जोडवी नसलेली बोटं, ओलसर जमीन, एवढंच माझ्या डोळ्यांत होतं. चौदा वर्षं ज्या चेहऱ्यासाठी ही बाई थांबली होती, तो बघून यायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी लाजून खाली बघत राहिले होते. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तुझ्यासारखीच," मी म्हणाले. "डोळे तर तुझेच."

"माझं डोळं?"

"व्हय. आन हसली की गालावर खळी पडती."

आक्कानं पदर तोंडावर घेतला आणि निपाणी येईपर्यंत तो काढला नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आई भाकऱ्या थापत होती. आक्का चुलीपासून लांब, उंबऱ्याला टेकून बसली. तिनं कुणाकडंच न बघता सांगितलं, "डोळं माझं हायत म्हणं. गालाला खळी पडती." आई भाकरी तव्यावर टाकत राहिली. मला वाटलं ती ऐकणारही नाही. तिनं पाणी फिरवलं, भाकरी उलटली, आणि तव्याकडं बघतच विचारलं, "आन रंग, आक्का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. आईनंही मान वळवून माझ्याकडं बघितलं. गेल्या पाच दिवसांत त्या दोघी पहिल्यांदाच एका ठिकाणी बघत होत्या.

"सावळी," मी म्हणाले. "पण तुकतुकीत."

"उंची?" आईनं विचारलं. "दात कसं हायत? केस काळं का पिंगट?" ती विचारत गेली, आक्का पुढं सरकत चुलीजवळ आली, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी त्या दोघींच्या मधे बसून न पाहिलेला चेहरा सांगत राहिले.